रुमाल टाकलेली जागा आणि अडलेला डेटाबेस

गो भाषेतील प्रोग्रॅममध्ये उघडे राहिलेले उत्तरसंच कसे शोधावेत आणि कसे मिटवावेत?

सकाळी दहाला सुरळीत सुरू झालेली एखादी संगणकीय सेवा दुपारच्या सुमारास एकाएकी गप्प होते. पडद्यावरचे चक्र फिरत राहते, पण पान काही उघडत नाही. सर्व्हर बंद पडलेला नसतो. प्रोसेसरवर ताण नसतो, स्मृती भरलेली नसते आणि नोंदवहीत एकही त्रुटी उमटलेली नसते. डेटाबेसकडे पाहावे, तर तोही निवांत बसलेला! अखेर कोणीतरी सेवा बंद करून पुन्हा सुरू करतो आणि सारे पूर्ववत होते. सर्वांचा जीव भांड्यात पडतो. तासाभराने, कधी दोन दिवसांनी, पुन्हा तोच प्रसंग ओढवतो.

गो भाषेत लिहिलेल्या सेवांमध्ये या दुखण्याचे एक अत्यंत नेहमीचे कारण आढळते. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती घेतल्यानंतर ते ‘मिटवायचे’ राहून गेलेले असते. चूक एका ओळीची असते. परंतु ती घडते एका ठिकाणी आणि तिचा परिणाम दिसतो भलत्याच ठिकाणी. त्यामुळे निर्दोष डेटाबेसवर दोषारोप होतात, नवे सर्व्हर विकत घेतले जातात आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो. पुणे, मुंबई, नाशिकपासून परदेशापर्यंत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी तरुणांचा या भाषेशी संबंध येतो. त्यांच्यासाठी, आणि अशा सेवांवर विसंबून असणाऱ्या व्यवस्थापकांसाठीही, या दोषाचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरावे.

साठा जोडण्यांचा

रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये गो भाषेची आखणी सुरू केली. नोव्हेंबर २००९ मध्ये ती जाहीर झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. डेटाबेसशी बोलण्यासाठी ‘डेटाबेस/एसक्यूएल’ नावाचे पॅकेज या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातच दिलेले आहे. पोस्टग्रेस असो वा मायएसक्यूएल, त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर जोडला, की प्रोग्रॅमरला याच एका पॅकेजमार्फत काम करता येते.

या पॅकेजमधील ‘डीबी’ या वस्तूविषयी नवख्यांचा पहिला गैरसमज होतो. ‘डीबी’ म्हणजे डेटाबेसशी असलेली एक जोडणी नव्हे. तो अनेक जोडण्यांचा साठा आहे. डेटाबेसशी नवी जोडणी करणे महागडे काम असते. ओळख पटवावी लागते, पोस्टग्रेसमध्ये तर प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते. म्हणून एकदा केलेली जोडणी काम संपल्यावर तोडून न टाकता साठ्यात परत ठेवली जाते आणि पुढच्या मागणीला तीच दिली जाते.

प्रोग्रॅममधून ‘क्वेरी’ ही आज्ञा दिली, की साठ्यातील एक जोडणी बाजूला काढली जाते आणि प्रोग्रॅमच्या हाती ‘रोझ’ नावाचा उत्तरसंच येतो. या ठिकाणी दुसरा गैरसमज होतो. हा उत्तरसंच म्हणजे उत्तराच्या सर्व ओळींची तयार यादी, असे वाटते. प्रत्यक्षात ती एक चालू वाचनक्रिया असते. ‘नेक्स्ट’ म्हटले की पुढची ओळ येते, ‘स्कॅन’ म्हटले की त्या ओळीतील मजकूर प्रोग्रॅमच्या चलांमध्ये उतरतो. ही क्रिया चालू असेपर्यंत ती जोडणी त्या उत्तरसंचाच्या नावावर राखून ठेवलेली असते. ‘क्लोज’ म्हटल्याशिवाय, किंवा सर्व ओळी शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय, ती मोकळी होत नाही.

एसटीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. रुमाल टाकणारा प्रवासी गाडीत चढलाच नाही, किंवा मधल्या थांब्यावर उतरून गेला आणि रुमाल मात्र सीटवरच राहिला, तर काय होईल? जागा रिकामी असूनही कोणी तीवर बसणार नाही. असे दहा-वीस रुमाल राहून गेले, तर गाडी अर्धी मोकळी असूनही प्रवासी उभेच राहतील. न मिटलेला उत्तरसंच हा असाच राहून गेलेला रुमाल होय. गो भाषेत निरुपयोगी स्मृती गोळा करणारी स्वयंचलित यंत्रणा असते, तेव्हा तीच हा रुमालही उचलेल, अशी काहींची समजूत असते. तसे घडत नाही. जोडणी साठ्याकडे परत केली नाही, तर साठ्याच्या हिशेबात ती ‘वापरात’ म्हणूनच मोजली जाते.

चाचणीत का सापडत नाही?

ही चूक फसवी ठरते, कारण नेहमीच्या वाटेने जाणारा प्रोग्रॅम ‘क्लोज’ न लिहिताही बिनबोभाट चालतो. ‘नेक्स्ट’ने सर्व ओळी संपल्याचे सांगितले, म्हणजे ‘नाही’ असे उत्तर दिले, की उत्तरसंच आपोआप मिटतो आणि जोडणी साठ्यात परत जाते. वाचताना मध्येच त्रुटी येऊन ‘नेक्स्ट’ थांबला, तरीही तो मिटतो. अपवाद आहे तो एकाच प्रश्नाला अनेक उत्तरसंच येतात तेव्हाचा. तिथे पहिला संच संपला तरी पुढचा शिल्लक असल्याने जोडणी मोकळी होत नाही.

याचा अर्थ, जो प्रोग्रॅम प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्यातील उणीव कधीच उघडकीस येत नाही. ती उघडी पडते, ती वाट मध्येच सोडल्यावर. आणि वाट मध्येच सोडण्याचे प्रसंग चाचणीच्या मोजक्या नमुन्यांत क्वचितच येतात.

एक हिशेब करून पाहू. समजा, बाह्यरुग्ण नोंदणीची एक सेवा दर सेकंदाला १० मागण्या हाताळते आणि साठ्याची मर्यादा २० जोडण्यांची आहे. हजारातून एका रुग्णाच्या नोंदीत जन्मतारीख कोरी आहे आणि ती वाचताना त्रुटी येऊन फंक्शन मध्येच परतते. म्हणजे दर १,००० मागण्यांमागे एक जोडणी गळते. २० जोडण्या गळायला २०,००० मागण्या लागतील; त्यांना लागणारा वेळ २,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. चाचणी करणाऱ्याने ५० मागण्या पाठवून ‘सर्व ठीक’ असा शेरा दिलेला असतो. तो खोटाही नसतो. पण प्रत्यक्ष वापरात सुमारे अर्ध्या तासाने नोंदणीच्या खिडकीपुढे रांग थबकते. शिवाय ज्या रुग्णाच्या मागणीवर सेवा अडते, त्याच्या नोंदीत काहीच दोष नसतो. जोडणी गळवणारा प्रसंग केव्हाच होऊन गेलेला असतो.

गळतीच्या सहा जागा

अनुभवी प्रोग्रॅमर अशी तक्रार आली, की ठराविक जागा आधी तपासतात.

पहिली जागा म्हणजे वर सांगितलेली. ओळी वाचण्याच्या आवर्तनात ‘स्कॅन’ला त्रुटी येते आणि फंक्शन तिथूनच ‘रिटर्न’ करते. डेटाबेसमधील कोऱ्या, म्हणजेच ‘नल’ रकान्यातील मजकूर साध्या स्ट्रिंगमध्ये वाचू पाहिल्यास हमखास असे होते.

दुसरी जागा ‘ब्रेक’ची. यादीतून हवी ती नोंद सापडली, की आवर्तन सोडून पुढे जाण्याचा मोह स्वाभाविक असतो. उरलेल्या ओळी मात्र तशाच वाट पाहत राहतात.

तिसरी जागा चुकीच्या आज्ञेची. नोंद घालणे, बदलणे, वगळणे या कामांना उत्तराच्या ओळी नसतात; त्यांच्यासाठी ‘एक्झेक’ ही आज्ञा आहे. तिच्याऐवजी ‘क्वेरी’ वापरून येणारा उत्तरसंच दुर्लक्षिला, तरी नोंद वगळली जाते, काम झालेले दिसते. पण प्रत्येक वेळी एक जोडणी कायमची अडकते. वरवर वाचताना ही चूक नजरेतून सहज निसटते.

चौथी जागा ‘क्वेरीरो’ची. एकच ओळ अपेक्षित असेल, तर ही आज्ञा सोयीची. तिच्या बाबतीत ‘क्लोज’ लिहावे लागत नाही, कारण ‘स्कॅन’ केले की ते आपोआप होते. मात्र ‘स्कॅन’ केलेच नाही, तर तेही होत नाही.

पाचवी जागा सर्वांत चकवणारी आहे, कारण तिथे ‘क्लोज’ लिहिलेले असते. गो भाषेत ‘डिफर’ हा शब्द एखादे काम फंक्शन संपताना करण्यासाठी राखून ठेवतो. आवर्तन संपताना नव्हे, फंक्शन संपताना! शंभर विभागांसाठी शंभर वेळा फिरणाऱ्या आवर्तनात दर खेपेला क्वेरी करून ‘डिफर’ने ‘क्लोज’ राखून ठेवले, तर ते शंभरही ‘क्लोज’ अगदी शेवटी होतात. मधल्या काळात वाट अर्धवट सोडलेले उत्तरसंच साचत जातात. मर्यादा २० ची असेल, तर एकविसावी खेप स्वतःच्याच आधीच्या वीस खेपांची वाट पाहत अडकते आणि फंक्शन संपतच नाही.

सहावी जागा व्यवहाराची, अर्थात ‘ट्रान्झॅक्शन’ची. ‘बिगिन’ म्हटल्यावर एक जोडणी त्या व्यवहाराला बांधली जाते आणि ‘कमिट’ किंवा ‘रोलबॅक’ होईपर्यंत सुटत नाही. त्रुटीच्या वाटेवर ‘रोलबॅक’ राहून गेला, तर जोडणी तर अडकतेच. शिवाय व्यवहाराने धरून ठेवलेली कुलुपेही डेटाबेसमध्ये तशीच राहतात आणि इतरांची कामे खोळंबतात. यावरचा उपाय सोपा आहे. ‘बिगिन’ यशस्वी होताच ‘रोलबॅक’ डिफर करून ठेवावा. ‘कमिट’ आधीच झाला असेल, तर नंतरचा ‘रोलबॅक’ व्यवहार संपल्याची त्रुटी तेवढी परत करतो, अपाय काही करत नाही.

याशिवाय एक प्रकार असा, की ज्यात गळती नसते, पण लक्षण मात्र हुबेहूब तेच असते. एका उत्तरसंचाच्या ओळी वाचत असतानाच प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला दुसरा प्रश्न विचारला जातो. पहिली जोडणी हातात धरून दुसरी मागितली जाते. साठ्यात १० जोडण्या आणि एकाच वेळी १० मागण्या आल्या, तर प्रत्येकीच्या हाती एक जोडणी असते आणि प्रत्येक जण दुसरीची वाट पाहत असतो. कोणीच हातचे सोडत नाही. येथे ‘डिफर’ कितीही नीट लिहिले असले, तरी उपयोग नाही. आधी पहिली यादी पूर्ण वाचून स्मृतीत घ्यावी, उत्तरसंच मिटवावा आणि मगच पुढचे प्रश्न विचारावेत. दोन्ही प्रश्न एकाच ‘जॉइन’मध्ये गुंफता आले, तर अधिकच उत्तम.

लक्षणे दोन, रोग एकच

या दोषाचे बाह्य स्वरूप साठ्याच्या मर्यादेवर अवलंबून असते. गो भाषेत उघड्या जोडण्यांच्या संख्येवर मुळात मर्यादा नसते. ती ‘सेटमॅक्सओपनकॉन्स’ने घालावी लागते, ही सोय २०१३ च्या १.२ आवृत्तीत आली.

मर्यादा घातलेली नसेल, तर गळालेल्या जोडणीच्या जागी प्रोग्रॅम नवी जोडणी उघडत राहतो आणि अखेर डेटाबेसच हात वर करतो. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची कमाल संख्या मूळ मांडणीनुसार १०० असते आणि त्यांतील ३ व्यवस्थापकांसाठी राखीव असतात. मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे. तो ओलांडला, की पोस्टग्रेस ‘टू मेनी क्लायंट्स’ अशी, तर मायएसक्यूएल १०४० क्रमांकाची ‘टू मेनी कनेक्शन्स’ ही त्रुटी देतो. त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या, ज्यांचा काहीच अपराध नाही अशा इतर सेवाही मग बंद पडतात.

मर्यादा घातलेली असेल, तर डेटाबेस सुरक्षित राहतो, पण प्रोग्रॅम मुकाट्याने अडतो. जोडणी मिळेपर्यंत थांबायचे, एवढेच त्याला ठाऊक असते आणि किती वेळ थांबायचे हे सांगितले नसेल, तर तो थांबूनच राहतो. त्रुटी येत नाही, म्हणून नोंदही होत नाही. लेखाच्या आरंभी वर्णिलेली शांतता ती हीच.

निदान कसे करावे?

सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे थांबणे, ही निदानाची पहिली अट होय. पुन्हा सुरू करताच सारे पुरावे पुसले जातात.

पहिला पुरावा साठ्याच्या आकडेवारीत मिळतो. ‘डीबी’च्या ‘स्टॅट्स’मध्ये एकूण उघड्या, वापरात असलेल्या आणि रिकाम्या जोडण्यांचे आकडे, जोडणीसाठी किती वेळा वाट पाहावी लागली आणि एकूण किती काळ, हे सर्व मिळते. २०१८ मधील १.११ आवृत्तीपासून ही माहिती इतक्या तपशिलाने उपलब्ध आहे. निरोगी सेवेत वापरातील जोडण्यांचा आकडा गर्दीबरोबर चढतो आणि गर्दी ओसरताच शून्याकडे उतरतो. गळती असेल, तर तो जिन्यासारखा पायरीपायरीने चढतो आणि रात्री, एकही वापरकर्ता नसतानाही, खाली येत नाही. मध्यरात्री कोणीही नसताना ‘वापरात १७’ असे दिसले, तर वेगळ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही. उलटपक्षी आकडा मर्यादेला टेकतो, पण गर्दी ओसरल्यावर उतरतो, असे असेल, तर ती गळती नव्हे. साठा अपुरा आहे किंवा प्रश्न संथ आहेत. हा भेद आधी करणे अगत्याचे आहे, कारण दोहोंचे उपाय परस्परांहून भिन्न आहेत.

दुसरा पुरावा ‘पीप्रॉफ’ या अंगभूत साधनातून मिळतो. प्रोग्रॅममधील सर्व गोरूटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, त्या क्षणी कोठे उभी आहेत, याची यादी ते देते. शेकडो गोरूटीन ‘डीबी’च्या ‘कॉन’ या अंतर्गत फंक्शनपाशी कित्येक मिनिटे थांबलेले दिसले, तर सारे जोडणीची वाट पाहत आहेत, हे उघड झाले. मात्र एक सावधगिरी हवी. ही यादी वाट पाहणाऱ्यांची आहे. जोडणी अडवून निघून गेलेल्याचे नाव तीत नसते. रांगेत ताटकळणाऱ्यांनाच अपराधी समजून त्यांचा कोड तपासण्यात अनेकांचे दिवस वाया जातात.

अपराध्याचा माग तिसऱ्या पुराव्यात, डेटाबेसच्या बाजूने लागतो. पोस्टग्रेसमधील ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ या दर्शनात प्रत्येक जोडणीची स्थिती आणि तीवर शेवटी विचारलेला प्रश्न दिसतो. जोडणी निवांत असली, तरी तिचा शेवटचा प्रश्न तिथे राहतो. २० जोडण्यांपैकी १८ बराच वेळ स्तब्ध असून त्या सर्वांवर एकच प्रश्न दिसत असेल, तर तो प्रश्न प्रोग्रॅममध्ये जिथे लिहिला आहे, तेथेच जाऊन पाहावे. उत्तर लहान असेल, तर अशी जोडणी ‘आयडल’ दिसते. उत्तर मोठे असेल, तर ती ‘ॲक्टिव्ह’ असून ग्राहकाकडे लिहिण्यासाठी थांबलेली, म्हणजे ‘क्लायंटराइट’वर, दिसते. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ने चालू जोडण्यांची यादी पाहता येते.

संशयित फंक्शन सापडले, की ते सिद्ध करण्याची एक साधी युक्ती आहे. चाचणीत साठ्याची मर्यादा १ ठेवावी, पाच सेकंदांची मुदत घालावी आणि ते फंक्शन लागोपाठ दोनदा बोलवावे. गळती असेल, तर दुसरी खेप मुदत संपून अपयशी ठरते. फंक्शन परतल्यावर ‘स्टॅट्स’मधील वापरातील आकडा शून्य आहे का, एवढे पाहिले तरी चालते. अट एकच, की चाचणीत कोरी जन्मतारीख, चुकीचा आकडा, मध्येच सापडणारी नोंद अशी आडवाटेची उदाहरणे हवीत. सरळ वाटेवर हा दोष दिसणारच नाही.

उपचार

दुरुस्तीचा मूळ मंत्र तीन ओळींच्या क्रमात आहे.

१. ‘क्वेरी’ करावी आणि त्रुटी आली आहे का, ते लगेच तपासावे. आली असेल, तर तेथूनच परतावे.

२. त्रुटी नसेल, तर पुढच्याच ओळीत ‘क्लोज’ डिफर करावे.

३. आवर्तन संपल्यावर ‘एर’ तपासावा.

पहिल्या दोन ओळींचा क्रम उलटा करू नये. क्वेरी फसली असेल, तर उत्तरसंच कोराच असतो आणि कोऱ्या उत्तरसंचावर ‘क्लोज’ म्हणताच प्रोग्रॅम कोसळतो. ‘क्लोज’ दोनदा झाल्याने मात्र काही बिघडत नाही. त्यामुळे ‘डिफर’ लिहूनही गरज पडेल तिथे आधीच हाताने मिटवण्यास हरकत नाही. उदाहरणार्थ, हवी ती नोंद सापडल्यावर त्याच फंक्शनमध्ये दुसऱ्या सेवेशी संथ संभाषण करायचे असेल, तर जोडणी तोपर्यंत अडवून ठेवण्याचे कारण नाही. आवर्तनातील क्वेरी स्वतंत्र लहान फंक्शनमध्ये काढावी, म्हणजे ‘डिफर’ दर खेपेला वेळेवर होतो.

दुसरा उपचार मुदतीचा. फेब्रुवारी २०१७ मधील १.८ आवृत्तीपासून ‘क्वेरीकॉन्टेक्स्ट’ ही आज्ञा मिळाली. तिला दिलेला संदर्भ, म्हणजे ‘कॉन्टेक्स्ट’, रद्द झाला किंवा त्याची मुदत संपली, की उत्तरसंच आपोआप मिटतो. वेब मागणीचा संदर्भ ती मागणी हाताळून होताच रद्द होतो. त्यामुळे तो पुढे दिला असेल, तर राहून गेलेला रुमाल मागणीच्या अखेरीस उचलला जातो. म्हणूनच वेबच्या बाजूने दोष झाकलेला राहतो आणि तेच फंक्शन रात्रीच्या हिशेबाच्या कामात, कधीच रद्द न होणाऱ्या संदर्भासह वापरले, की डोके वर काढते. मुदत ही पडण्यापासून वाचवणारी जाळी आहे. नीट चालण्याला ती पर्याय नव्हे.

तिसरा उपचार प्रतिबंधाचा. ‘एसक्यूएलक्लोजचेक’ आणि ‘रोझएरचेक’ ही मुक्त साधने कोड वाचून न मिटलेले उत्तरसंच आणि न तपासलेला ‘एर’ दाखवतात. ‘गोलँगसीआय-लिंट’ या प्रचलित संचात दोन्हींचा समावेश आहे. प्रत्येक बदलावर ती आपोआप चालवली, तर अशा चुका मुख्य शाखेत शिरण्यापूर्वीच अडवता येतात. सर्वच वाटा त्यांना ओळखता येतील असे नाही. तेव्हा माणसाची नजर हवीच.

काय करू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. डेटाबेसची मर्यादा १०० वरून ५०० वर नेल्याने गळती थांबत नाही. दुपारचा खोळंबा फार तर संध्याकाळवर ढकलला जातो. ‘सेटकॉनमॅक्सलाइफटाइम’ने जोडणीचे आयुष्य ठरवून देता येते, पण वापरात असलेल्या जोडणीला ते हात लावत नाही, आणि गळालेली जोडणी तर हिशेबात वापरातच असते. रोज पहाटे सेवा आपोआप पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था तर सर्वांत घातक, कारण तिने दोष झाकला जातो आणि ज्या दिवशी गर्दी अधिक, त्याच दिवशी तो उघडा पडतो.

न दिसणारा धोका

वरील तीन ओळींतील तिसरी, ‘एर’ तपासण्याची, सर्वाधिक उपेक्षिली जाते आणि तिचीच किंमत कदाचित सर्वांत मोठी असते. ओळी संपल्या म्हणून ‘नेक्स्ट’ थांबतो, तसाच डेटाबेसशी संबंध मध्येच तुटला म्हणूनही थांबतो. आवर्तनाला दोहोंतील फरक कळत नाही. तो फक्त ‘एर’ सांगतो. तो विचारलाच नाही, तर ५०० नावांच्या यादीतील ३२० नावे हाती येतात आणि प्रोग्रॅम तीच पूर्ण यादी समजून पुढे जातो. वेतनाची यादी असेल, तर १८० जणांचे वेतन राहते. औषधांची यादी असेल, तर काय होईल, ते सांगायला नको.

अडलेली सेवा निदान डोळ्यांना दिसते. अर्धवट उत्तर देऊन ‘काम झाले’ असे सांगणारी सेवा दिसत नाही. म्हणून उत्तरसंच उघडणाऱ्यानेच, तो उघडतानाच, तो मिटण्याची आणि शेवटी विचारपूस करण्याची तजवीज करून ठेवावी. नव्या कोडची तपासणी करणाऱ्या ज्येष्ठांनीही प्रत्येक ‘क्वेरी’पाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत. हा उत्तरसंच मिटतो कोठे? त्रुटी आली तरी मिटतो का? आणि शेवटी ‘एर’ कोणी पाहिला? या तिन्हींची उत्तरे त्याच फंक्शनमध्ये, पाच-दहा ओळींच्या आत सापडली, तर दुपारच्या गर्दीत सेवा अडण्याचे एक मोठे कारण दूर झाले, असे समजण्यास हरकत नाही.